गळ्यातला हत्ती

कोपनहेगन, ४ मार्च १८८७
आलो एकदाचा! होल्मस्कोव मास्तरांच्या मीनाकारीच्या कारखान्यात मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. राजा सरदारांच्या गळ्यात घालतो ते मानाचे हत्ती इथेच घडतात. बोटभर सोन्याचा हत्ती, अंगावर पांढरा मीना, पाठीवर बुरूज. मास्तरीणबाईंनी राय धान्याचा काळा पाव नि खारवलेला मासा वाढला आणि म्हणाल्या, एस्किल, नीट जेव रे, भट्टीपुढे हडकुळी माणसं टिकत नाहीत. समोर फ्रोडे बसतो. गोड माणूस आहे.

११ मार्च
फ्रोडेचा मीना भट्टीतून दुधासारखा निघतो. माझ्यात नुसते बुडबुडे. तो म्हणाला, अरे, मीन्याची पूड अजून धू, जमेल तुला. त्याची ती समजूतच जास्त झोंबली.

१९ मार्च
एक म्हातारे सरदार वारले. माणूस गेला की हत्ती राजाकडे परत जातो. सोंडेवरचा मीना उडालाय, म्हणून आधी फडक्यात बांधून आमच्याकडे आला. मास्तरांनी बजावलं, दफनाच्या दिवशी घंटा वाजेपर्यंत हत्ती मेलेल्याचाच, फडकं सोडायचं नाही. आणि घातलेल्याच्या गळ्यातून तो मेल्याशिवाय उतरत नाही. सोंड फ्रोडे करणार. मी मागितली तर म्हणाले, तुझे बुडबुडे राजाला दाखवू होय? सगळे हसले. फ्रोडेही. माझा नुसता जळफळाट झाला.

२१ मार्च
सगळे जेवायला गेले तेव्हा फडकं सोडलं. फ्रोडेच्या आधी मी, बस एवढंच हवं होतं. हत्ती शर्टाआड गळ्यात घातला, फडक्यात माझा बिघडलेला हत्ती बांधला. आता निघत नाही. ज्या फितीत तो अडकवलाय ती कापायला गेलो तर रक्त माझंच आलं.

२२ मार्च
छातीवर पांढरा डाग. गुळगुळीत. नखाने वाजतो. मास्तरीणबाई विचारत होत्या, तोंड का उतरलंय, प्रेमात पडलास की काय? मास्तरांना सांगू? फ्रोडेसमोर? मेलो तरी नाही.

२३ मार्च
खांद्यापर्यंत आलाय. अंग भाजतंय, भट्टीत घातल्यासारखं. फ्रोडे दार वाजवून म्हणाला, अरे, डॉक्टर आणू का? तो आत आला तर हत्ती त्याच्या हाती — नाही. कडी घातली.

२४ मार्च
दफनाची घंटा झाली. आता सुटेल —

सुटत नाही. घंटा पुन्हा — म्हाताऱ्याची नव्हे ही — बोटं वळत नाहीत —

आरशात पाहिलं. पांढरा. गळ्यापासून गालापर्यंत. एकही बुडबुडा नाही. फ्रोडेला बोलवा. बघू दे त्याला. त्याच्या हातून असं कधी —