चहाच्या पाच भाकरी

१३ फेब्रुवारी १९५५, रविवार. जळगाव

आज त्याच पानांवर सात पाण्यांपर्यंत गेले. नानांच्या हातात घड्याळ, माझ्या हातात पेला. पहिलं पाणी फक्त पानं धुवायचं. ते मोरीत ओतलं की माय कळवळते. "लोके तं पहिलाच चहा पेतस, हाई पोर फेकस!"

नाना विचारतात, मी सांगते.

"तिसऱ्याला काय?"
"जुन्या संदुकीचं लाकूड."
"कुठलं?"
"चंदन नाही. साग... नाही बहुतेक."
"मग माहीत नाही म्हण. माहीत नसलेलं सांगायचं नाही, इंदू. माझ्याकडे दुसरं नाक नाही."

दोन वर्षांपूर्वीच्या तापात नानांचं नाक गेलं ते गेलंच. वास गेला तशी चवही गेली. रंगूनला चिनी व्यापाऱ्याच्या वखारीत जुन्या चहाची बारा वर्षं पारख केलेला माणूस, आता पेल्यात गरम काहीतरी आहे एवढंच कळतं त्याला. बाकीचं मी सांगायचं. बी.ए. अमळनेरला झाले, पण खरी शिकते आहे ती आत्ता.

कशासाठी शिकते ते नानांना सांगितलेलं नाही.

२० फेब्रु.

शेजारच्या काकू आल्या. पेला बघून म्हणाल्या, "अगं, दूध संपलं का? मागायचं की." नाना हसले. मी समजावत बसले नाही की हा चीनच्या युनान प्रांतातला पू-एर, वाफवून दाबून चकती केलेला, आणि वर्षानुवर्षं ठेवून मुरवलेला. दूध घातलं तर नाना जेवणार नाहीत.

माय त्या चकतीला भाकर म्हणते. आकार तसाच. काळपट, कागदात गुंडाळलेली, दाभणानं कडेकडेनं सोलायची. बेचाळीसला जपान्यांच्या बाँबमधून रंगून सोडलं तेव्हा नानांनी अशा पाच डोक्यावर घेतल्या. मी आठ वर्षांची. मला फक्त पाय आठवतात, सगळ्यांचे सुजलेले पाय. मायला दुसरंच आठवतं. "मन्या बांगड्या वाटमा दिध्यात, पन हाई भाकर नही दिधी!"

आता घरात एकच आहे. चार धुळ्याला, रतनशेठकडे.

२७ फेब्रु.

लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

रतनशेठची (यापुढे नुसता र., पूर्ण नावाला शाई कशाला) धुळ्याची चहाची पेढी नानांच्या जिभेवर उभी राहिली. धुळ्याच्या विहिरींचं पाणी जड, त्याला आसामची कडक भुकटी जास्त. इकडे जळगावकडे थोडी निलगिरीची चहापत्ती. प्रत्येक गावचं मिश्रण नानांनी वेगळं बांधलं. चार चकत्याही र.नंच मागितल्या. "तुमच्या पत्र्याखाली सुकतील. गोदाम थंड आहे, राहू द्या."

मग नाक गेलं. नानांनी कुणाला सांगितलं नाही. र.ला संशय आला. परवाच्या नाही, त्याआधीच्या दिवाळीत भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्यानं नानांना पेला दिला. "नवा माल आहे, बघा बरं." नानांनी रंग पाहिला, ओढून घोट घेतला, म्हणाले, "आसाम. दुसऱ्या खुडणीचा."

तुरीचा भुसा होता. जळक्या गुळाचा रंग दिलेला.

सगळं दुकान हसलं. र. गादीवर मांडी बदलून बदलून हसला. तेव्हा आम्ही धुळ्यालाच होतो; मी दारात होते, डबा घेऊन. त्या दिवसापासून बाजारात नाना 'भुसामास्तर'. महिनाभरात कामावरून सुट्टी. चकत्या मागायला गेले तर, "माझ्या गोदामात वाढल्या, माझ्याच की."

मी त्याला त्याच्याच गादीवर, त्याच्याच माणसांसमोर पाडणार आहे. भांडून नाही. जिभेनं.

११ मार्च

र.चं कार्ड!! रंगूनला सर्जन असलेले एक डॉक्टर निवृत्त होऊन धुळ्याला आलेत. त्यांना तिकडचा जुना चहा आठवतो. तो आपल्याकडे आहे अशी र.नं बढाई मारली असणार. डॉक्टर म्हणाले, चहा ओतायला त्या वखारीतले वामनराव हवेत. वामनराव म्हणजे नाना. १० एप्रिलला र.च्या बंगल्यावर बोलावणं आहे.

नानांनी कार्ड तीनदा वाचलं. "डॉक्टरांना माझं नाव आठवतं, इंदू."

मी म्हटलं, तुम्ही ओता, चव मी सांगेन. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. मग, "हो. आता तू सांगतेस."

२ एप्रिल

शाळेतल्या मुलींचे परीक्षेचे पेपर बाजूला ठेवून सराव. नानांनी तीन झाकलेले पेले मांडले. पहिला घरचाच जुना. दुसरा साधा आसाम. तिसऱ्यावर अडले. आधी जुना, मग मधेच काहीतरी हिरवट, पोरकट.

"यात दोघं आहेत."
"कोण कोण?"
"एक म्हातारा, एक उनाड."

नाना इतके हसले की माय बाहेर आली. घरच्या चकतीत चिमूटभर निलगिरीची पत्ती मिसळली होती त्यांनी. "रंगूनला हे ओळखायला मला दीड वर्ष लागलं," म्हणाले. मायला म्हणाले, "तुझी पोर माझ्यापुढे गेली."

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशीही असं वाटलं नव्हतं.

११ एप्रिल

कालचं. सगळं क्रमानं लिहिते.

सकाळच्या एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळे. नानांनी कोट घातला होता. र.च्या दिवाणखान्यात दहा-बारा माणसं. व्यापारी, एक वकील, मधे डॉक्टर. दाराशी गोदाम सांभाळणारे रहीमचाचा, हातात चकती, पांढऱ्या फडक्यावर, बाळ धरावं तशी. र. मला बघून: "अरे वा, मास्तरांची कन्या! बाई, भुसा आणि चहा ओळखता ना वेगळा?" हसले सगळे. नानाही हसले. त्यांचं ते हसू मला बघवलं नाही.

नानांनी ओतलं. हात स्थिर. पहिलं पाणी ताटात सांडलं, दुसरं पेल्यांत.

मी घोट घेतला.

कसं लिहू. आमच्या घरची चकती या चहापुढे शाळकरी पोर. हा उतरला आणि जिभेवर काही राहिलंच नाही, नुसती मऊ ऊब. मग घशातून मागून गोडी वर आली. यावलच्या वाळवलेल्या केळ्यांची असते तशी, पण थंड, कापरासारखी. लाकूड, पण ओलसर, सावलीतलं. तेरा वर्षांत त्याच्या अंगातला एकूण एक कडवटपणा निघून गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी हा फार जपला होता.

आणि र. पुढे झुकून बघत होता. "काय बाई? आपल्या गोदामाचा गुण?"

आपल्या गोदामाचा.

मी पेला खाली ठेवला. "मेलाय."

"काय?"

"चहा मेलाय. मिरचीचा वास लागलाय. गोदामात मिरच्यांशेजारी ठेवला असणार. फेकून द्या."

मग डॉक्टरांनी पुन्हा घोट घेतला, भुवया जवळ आणल्या. "हो... मागून तिखटसर आहे खरं." वकिलानं मान डोलवली. एक व्यापारी खोकला. खोकला!! र.नं स्वतः घोट घेतला आणि त्यालाही मिरची लागली. मी त्याच्या तोंडावर ती लागताना पाहिली. कानापर्यंत लाल. कुणीतरी मागून म्हणालं, "शेठ, चहात फोडणी का?" आणि हसू सुटलं. बरोबर तेच हसू. त्या दुकानातलं.

रहीमचाचा दारातून म्हणाले, "शेठ, अपने गोदाम में मिरची कभी आयीच नहीं." र. त्यांच्या अंगावर ओरडला, "तू गप रे!"

मी जिंकले.

नानांकडे मी त्या वेळी पाहिलं नाही. परतीच्या एस.टी.त पारोळा आलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नाक गेलं ते बरंच झालं म्हणायचं. मला तो वास घ्यावा लागला नाही."

१३ एप्रिल

शाळेतल्या जोशीबाईंचा भाऊ धुळ्याला असतो. त्याचं पत्र. बाजारात र.ला 'मिरचीशेठ' म्हणतात. दुकानासमोरून जाताना पोरं शिंकतात.

वाचून मी एकटीच हसले. पुन्हा वाचलं. पुन्हा हसले. मला जराही वाईट वाटत नाही, आणि वाटायला हवं असं कुणी म्हटलं तर मी ऐकणार नाही.

१६ एप्रिल

नाना रविवारचा चहा नको म्हणतात. घरच्या चकतीचा कागद सोडलेला नाही. "राहू दे, इंदू. तूही दमलीस."

सातवीतली एक मुलगी खोटं बोलली म्हणून तिला तासभर बाकावर उभं केलं. रडली. तरी उतरवलं नाही.

१९ एप्रिल

नाना ओट्यावर बसून असतात. माय म्हणाली, "तुना बाप रंगून सोडं तव्हय बी असा नही बसना व्हता." मी म्हटलं, त्या शेठला शिक्षा झाली ना, मग? माय भाकरी थापत राहिली.

सत्य, न्याय यावर कॉलेजात मी निबंध लिहिला होता. पहिला आला होता. त्यात अशी गोष्ट नव्हती.

पण र.नं न्याय केला होता का नानांचा? एकाही माणसानं त्या दिवशी दुकानात म्हटलं का, शेठ, हे बरं नाही?

२३ एप्रिल

दुपारी रहीमचाचा आले. खांद्यावर पोतं. आत तीन सबंध चकत्या आणि त्या दिवशीची फोडलेली. र.नं निरोप दिलाय, नासका माल ज्याचा त्याला परत. आणि चाचांनाही कामावरून कमी केलंय. मिरचीच्या नावावर.

मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत, आधी माझ्याशी बोलले. "बेटी, तू शिकलेली. कुठं चुकलं ते सांग मला. उन्हाळ्यात दारावर ओलं फडकं टांगायचो. पावसाळ्यात चारी चकत्या माळ्यावर चढवायचो. साबण दुसऱ्या खोलीत. बिडीसुद्धा बाहेर जाऊन प्यायचो. वामनभाऊंची अमानत होती ना. मिरची आली कुठून?"

रागावलेले नव्हते. खरंच विचारत होते. पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "बघून सांगते."

नाना आतून आले. पोत्यावर हात ठेवला, उघडलं नाही. "रहीमभाई, उद्या सकाळी पोर पुन्हा चाखेल. सावकाश, सगळी पाणी. तुझा दोष नसेल तर मी स्वतः धुळ्याला जाऊन भर दुकानात रतनशेठचे पाय धरीन, माफी मागीन, तुला पुन्हा कामावर घ्यायला लावीन. पण..." माझ्याकडे पाहिलं, "पण तिची जीभ चुकत नाही. तेवढं मला ठाऊक आहे."

खरं सांगितलं तर पाय धरतील. खरंच धरतील, तसेच आहेत. आणि र. गादीवर बसून धरून घेईल. ते मी कसं होऊ देऊ?

मिरचीच आहे म्हटलं तर चाचा मरेपर्यंत मिरची शोधत राहतील. आणि या चारही भाकरी नाना परसातल्या लिंबाच्या आळ्यात चुरून टाकणार आहेत. तसं मायला बोललेत.

चाचा आमच्याकडेच राहिलेत.

२४ एप्रिल, रविवार. सकाळ

दोघं ओट्यावर बसलेत. रंगूनच्या वाटेवरचं काहीतरी बोलतायत, मधूनच हसतायत. चाचाही त्याच वाटेनं आले होते, हे मला आज कळलं.

स्वयंपाकघरात आधण ठेवलंय. फोडलेल्या चकतीतून दाभणानं पानं सोलली. सोलतानाच तो वास आला, ओल्या सावलीचा, थंड.

माय आत आली. "माले बी एक पेला दे. दरसाल दोन पायल्या मिरची मी कुटस. मिरची माले समजी." मी म्हटलं, तुला नाही आवडायचा. तिनं ऐकलं नाही. ताटलीतून पानांचा तुकडा उचलला, नाकाला लावला. डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. मग चुरगाळून हातावर घासला आणि तळवा हुंगला.

माझ्याकडे बघितलं.

"मिरची कोठे शे, इंदू?" अगदी हळू. ओट्यावर ऐकू जाणार नाही इतकं हळू.

मी र.चं तोंड डोळ्यांपुढे आणून पाहिलं, गादीवर मांडी बदलून हसणारं. अजून तेवढंच जळतं. कणभर कमी नाही.

मायनं तळवा पदराला पुसला नाही. तसाच मुठीत धरला. दुसऱ्या हातानं चार पेले धुऊन ताटात मांडले. एक माझा, एक चाचांचा, एक नानांचा, एक तिचा. "चाल," म्हणाली, "त्या दोन्ही वाट पाही ऱ्हायनात."

पाणी उकळलंय. बाहेरून नाना हाक मारतायत.