पाचपैकी पाच

प्रिय पुष्कर, आशीर्वाद आहेतच, पण आधी तक्रार.

हॉस्पिटलच्या कँटीनमधला उपमा भिंतीच्या भेगा बुजवायला उत्तम आहे, आणि तुझ्या नीलिमाताईने त्याला पाचपैकी पाच गुण दिलेत. कुळगावच्या शाळेत सव्वीस वर्षं संस्कृत शिकवून मी एवढं औदार्य कधी दाखवलं नाही.

दर केमोनंतर पेशंटचं समाधान मोजणारा फॉर्म येतो. तो भरून घेते अस्मिता सिस्टर, म्हणजे सुई लावणारीच. काल अडीच तास खोळंबा झाला, शीर तिसऱ्या खेपेला सापडली; तरी नीलिमाचे पाच, पाच, पाच.

"अगं, खरं लिही की!"

"अहो, हळू बोला. मार्क कमी पडले की साहेब तिला झापतात. आणि पुढच्या वेळी शीर तिलाच शोधायचीय."

"काका, मॅडम आमच्या बेस्ट पेशंट आहेत हां," सिस्टर म्हणाली.

शेवटचा प्रश्न होता, दुखणं किती, शून्य ते दहा. बेस्ट पेशंटने शून्य लिहिलं. डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. "अरे वा! मग दुखण्याच्या गोळ्या बंद करू." हिने हसून मान डोलावली. परतताना अंबरनाथपासून शिरगावपर्यंत ती रिक्षाचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती.

"दुखतंय?"

"छे हो, झोप येतेय."

तुलाही फोनवर तिने 'मस्त आहे' असंच सांगितलंय, म्हणून हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. तिला खरोखर किती दुखतं, ते मला माहीत नाही. त्याचीच भीती वाटते रे.

तुझा भावोजी,
गुरुदत्त