देव्हाऱ्यात ठेवलेलं मत

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. पुण्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा शेजारच्यांना लिहायचो आणि खाली ‘आईस सांगावे’ एवढं जोडून मोकळा व्हायचो. आता तू जाऊन दोन महिने झाले आणि मी लिहायला बसलोय! पण आज वर्गात माझा धडा अर्ध्यावर राहिला. तो का राहिला, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

धडा तोच, विलायतेतल्या कामगारांचा. दरवर्षी येतो. गिरण्यांत, खाणींत राबणारी माणसं. आम्हालाही मत द्या म्हणून लाखो सह्यांचे अर्ज करायची आणि गाडीत घालून पार्लमेंटात न्यायची. तीनदा नेले, तिन्ही वेळा परत पाठवले. त्यांच्या सहा मागण्या मी पोरांकडून घोकून घेतो. पोरं घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. खरं सांगू, आये? मलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. खूप थकलोय गं.

आज फळ्यावर ‘गुप्त मतदान’ लिहिलं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. मिठागरातलीच आहे, मिठानं चिरलेल्या पायांवरूनच कळतं. म्हणाली, “गुरुजी, पन मालकाला कललाच तर?”

मी खडू खाली ठेवला.

आठवतंय तुला पहिली निवडणूक? आदल्या दिवशी मी ड्यूटीवर रेवदंड्याला निघालो होतो. वळकटी बांधत होतो. तू दारात उभी राहून विचारलंस, “पोरा, त्या पेटीपाशी कोन बसतंय?” मी मान वर न करता म्हणालो, “तू जा तर खरी, तिथं सांगतील सगळं.” त्याच आठवड्यात मी गुप्त मतदानाचा तास घेतला होता. चाळीस पोरांना समजावून सांगितलं, आणि तुला सांगायला दोन मिनिटं नव्हती!

परत आलो तर तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ओटीवर बसलेली. बोटावरची शाई दाखवलीस. मग कनवटीतून कागद काढलास. मतपत्रिका! पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती; त्यांतल्या एकीत टाकायची ती तू घरी घेऊन आली होतीस.

मी केवढ्यानं ओरडलो! “सरकारी कागद आहे तो! माझी नोकरी जाईल! अडाणी ती अडाणीच राहिलीस!” समोर जानूकाकी होती, तुझ्याबरोबर जन्मभर मिठाच्या पाट्या वाहिलेली. तिच्यासमोर बोललो मी तुला. तू काहीच बोलली नाहीस. आत गेलीस आणि कागद देव्हाऱ्यातल्या टाकाखाली ठेवलास. पुढे कितीतरी दिवस मी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. लोक हसायचे. मीही हसायचो.

का नाही बोललीस गं? एक शब्द तरी टाकायचास!

तुझ्या दहाव्याला देव्हारा पुसताना तो कागद हाती आला. जानूकाकी शेजारीच बसली होती. मी म्हटलं, “बघ काकी, आयेचा अडाणीपणा.” तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

“अडानी?” ती म्हणाली. “मुकादम आगरावर येऊन काय बोल्ला ठाव हाय तुला? आगराचा शेठ निवडनुकीला उभा हाय, पडद्यामागं त्याचा मानूस बसलाय, कोन कंचे पेटीन टाकतंय ते सगला कलनार. शेठचे पेटीन नाय टाकला त्याचा रोज बंद. तुजी आय मना बोल्ली, जानू, त्याचे पेटीन मी मेले तरी नाय टाकनार. आन दुसरे पेटीन टाकला तर माजे पोरीचे लग्नाचे वर्साला काम जाल. त्यापरीस कागूदच घरा नेलेला बरा.”

म्हणजे तू सगळं समजून उमजून केलंस. पडद्यामागं कुणीही नव्हतं, आये! मुकादम धडधडीत खोटं बोलत होता, आणि ते तुला सांगणारा तुझ्याच घरात वळकटी बांधत बसला होता. तू भ्यालीस ती काम जाईल म्हणून. मी ओरडलो तोही नोकरी जाईल म्हणूनच. मग अडाणी कोण?

त्या कामगारांच्या मागण्यांत बायकांचं नावही नव्हतं. तुला मत पहिल्याच फटक्यात मिळालं, असं मी वर्गात अभिमानानं सांगत आलो. यापुढे तसं सांगताना जीभ अडखळेल.

त्या मुलीला उत्तर द्यायच्या आत घंटा झाली. पण पुढच्या महिन्यात पुन्हा निवडणूक आहे, आणि मुकादम तोच आहे. तेव्हा ऐक. येत्या रविवारी मी आगरावर जाणार आहे. डालड्याचे दोन रिकामे डबे नेणार, झाकणाला फट पाडून. पडदा तुझ्या हिरव्या लुगड्याचा. जानूकाकी पहिली आत जाईल, मग बाकीच्या. साऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या की मुकादमाला बोलावून विचारणार आहे, ओळख बघू, कुणाची कुठली? सगळ्यांसमोर विचारणार. माझी नोकरी गेली तर जाऊ दे.

तुझा कागद मी परत टाकाखाली ठेवलाय. तिथून तो हलवणार नाही, आणि त्याची गोष्ट आता हसायला म्हणून कधी सांगणार नाही. सोमवारी त्या मुलीला सांगेन, पहिल्यापासून.

तू विचारलेलं उत्तर पाच वर्षांनी देतोय, आये. त्या पेटीपाशी कुणी बसत नाही.

तुझा,
दामू