बाकाच्या मधोमध

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारून टाकलं एकदाचं!

तीन वर्षं घड्याळजीची चित्रकथा काढतोय. दर शनिवारी एक भाग. दोनशे चौदा माणसं त्यासाठी दरमहा वर्गणी देतात. ओळख ना पाळख, तरी देतात. याचं नवल अजून ओसरलेलं नाही. सकाळी हात जोडतो तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून क्षणभर जास्तच डोळे मिटून राहतो. पण गेले दोन महिने घड्याळजी माझ्याशी बोलेनासा झालाय. गिऱ्हाईक येतं, बंद पडलेलं घड्याळ पुढे करतं, त्याची हकिकत सांगतं, जातं. पुढे काय? मलाच कळत नाही.

लेक म्हणाली, "बाबा, वर्गणीदारांनाच विचारा ना." मी म्हटलं, वाचकांना विचारून कोण गोष्ट लिहितं? ती म्हणाली, "अडलेला माणूस."

तीन पर्याय दिले. घड्याळजी आहे तसाच चालू ठेवू? समुद्रावरची नवी कथा काढू? की छोटे विनोदी तुकडे? खाली लेकीने एक रिकामा चौकोन सोडला — "आणखी काही सुचतंय?" मी म्हटलं, तो काढून टाक. ती म्हणाली, राहू दे. आतून बायकोचा आवाज — "मत मागायचं आणि मग तोंड वाकडं करायचं, असं चालणार नाही हं!"

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारपर्यंत अकरा उत्तरं. दर दहा मिनिटांनी उठून बघतोय. गावच्या शाळेत निकालाच्या दिवशी फळ्यापुढे असाच घुटमळायचो. समुद्र जरा पुढे आहे. समुद्र मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलाय. दिला कशाला तो पर्याय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

रिकाम्या चौकोनात एक ओळ आली — "बाकावरच्या माणसाचं काय?"

कोण बाकावरचा माणूस?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता तशा बावीस ओळी झाल्यात! "तो कोण आहे ते सांगा." "त्याच्या पिशवीत काय आहे?" "आमच्या घरी पैज लागलीय, तो दुकानात जाणार की नाही." एक नर्स लिहिते, "पावसाच्या भागात सगळ्यांनी छत्र्या उघडल्या, तो मात्र तसाच बसून राहिला. त्याच दिवशी मी वर्गणी सुरू केली."

जुने भाग काढून बसलो. खरंच आहे. घड्याळजीच्या दुकानासमोर दिव्याचा खांब, खांबाशेजारी बाक, बाकाच्या अगदी मधोमध एक म्हातारा. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. डाव्या पायाची चप्पल काढून ठेवलेली. एकशे छप्पन्न भागांतल्या एकशे एक्कावन्न भागांत तो आहे.

आता कुणी वाचणार नाही म्हणून इथे खरं लिहितो. पहिल्या भागासाठी रस्त्याचा एक कागद काढला होता. नंतर दर आठवड्याला नवा रस्ता कोण काढणार? काचेखाली दिवा लावायचा, काचेवर तो जुना कागद, त्यावर कोरा, आणि गिरवत सुटायचं. खांब गिरवला, बाक गिरवलं, बाकावर माणूस होता म्हणून माणूसही गिरवला. बस्स! पावसात त्याला छत्री द्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

हिला सांगितलं. हसून हसून डोळ्यांतून पाणी. "अहो, देवाला भक्त मिळायला किती तप लागतं, आणि तुमच्या आळसाला बसल्या जागी मिळाले!"

लेक हसली नाही. "बाबा, हे कुणाला सांगायचं नाही. त्यांना वाटतंय तुम्ही सगळं ठरवून केलंय. वाटू दे." मी म्हटलं, हे खोटं होईल. "खोटं कुठे? नुसतं न बोलणं."

सकाळी प्रार्थनेला बसलो तर मन तिथेच अडकलं. न केलेल्या कामाचं कौतुक मुकाट्याने घ्यावं? आणि सांगितलं तर? दोनशे चौदातले अर्धे उठून गेले तर घड्याळजीचं दुकान बंद. छापखान्यातल्या जुन्या नोकरीवर परत जाण्याइतकं काळीज आता धड नाही, असं डॉक्टरच म्हणाले आहेत.

आजचा भाग गेला. कागद आधीच तयार होता. त्यातही तो आहेच!

९ फेब्रुवारी, रविवार

निकाल. घड्याळजी एकतीस, समुद्र बावीस, विनोद अठरा. बाकावरचा माणूस, जो पर्यायांत नव्हताच, तो सत्त्याण्णव.

एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी लिहिलंय, "आयुष्यभर फलाटावर वाट पाहणारी माणसं पाहिली. यांच्याइतकं शांत कुणी पाहिलं नाही. आता कुणाला तरी येऊ द्या."

कोण येणार त्याच्याकडे? मलाही जाणून घ्यायचंय. माझ्याच कागदावरचा माणूस, आणि मला त्याचं काही म्हणजे काही ठाऊक नाही. गंमत आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

त्याला उभा करायचा प्रयत्न केला. नऊ कागद वाया. उभा राहिला की नाटकातला वाटतो. उंची किती, तेच माहीत नाही. मग म्हटलं, असू दे बसलेला, शेजारी कुणाला तरी बसवू. तेही जमेना. तो असा मधोमध बसलाय की दोन्हीकडे अर्ध्याच माणसाची जागा उरते.

पण बसलेला किती खरा आहे! गुडघे कसे जरा आत वळलेत. पिशवीच्या बंदाला बोटाचा एक वेढा. चप्पल काढलेल्या पायाचा अंगठा वर. असलं काही माझ्या मनाने रचता येत नाही. रचून काढलेली माझी माणसं लाकडी होतात. म्हणजे हा कुठेतरी पाहिलेला आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुठे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. टेबलावरचा कागद सहज पाहिला आणि म्हणाली, "अण्णाच की. दवाखान्यात असेच बसायचे." आणि पुढची घडी घालायला लागली.

अण्णा. माझे वडील.

तीन वर्षांपूर्वी माझ्या काळजाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस दवाखान्यात होतो. अण्णा गावाहून आले ते थेट खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दाराला काचेची पट्टी होती. गुंगीतून डोळे उघडले की पट्टीतून ते दिसायचे. मांडीवर पिशवी, डावी चप्पल काढलेली. आत फारसे येत नसत. हिला म्हणत, "त्याला झोपू दे. मी आहे इथे." मला घरी सोडलं त्याच दिवशी ते परत गेले. आणि मी अंथरुणात बसून पहिला भाग काढला.

रस्त्याचा तो मूळ कागद उलटून पाहिला. मागे दवाखान्याचं छापील पथ्य आहे — मीठ कमी, जिने चढू नयेत. तीन वर्षं हा कागद काचेवर ठेवतोय. मागची अक्षरं पुसट दिसायची, तरी एकदाही उलटला नाही.

हेही लिहून टाकतो. आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. अण्णांना आणायला गेलो होतो. घरासमोर त्यांनी स्वतः केलेलं बाक आहे — सुतार माणूस — त्यावर बसले होते. येत नाही म्हणाले. मी चिडलो. शेजारीपाजारी ऐकत असताना बोललो, "इथे बसून कुणाची वाट बघणार आहात आता?" अण्णा म्हणाले, "कुणाची नाही. तू नीघ, तुझी गाडी चुकेल."

तेव्हापासून गेलो नाही. महिन्याच्या एक तारखेला फोन. "बरं आहे?" "बरं आहे." "ठेवू?" "ठेव."

अकरा दिवसांबद्दल मी त्यांना कधी एक शब्दही बोललो नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज भाग नाही. त्याऐवजी वर्गणीदारांना पत्र. सगळं लिहिलं — काच, दिवा, गिरवणं, छत्री का नव्हती ते. तो कोण आहे तेही. दवाखान्यापर्यंतच लिहिलं. पुढचं नाही लिहवलं.

लेकीने पत्र दोनदा वाचलं. "पाठवू? नक्की?" मी मान हलवली. तिने डोळे मिटून बटण दाबलं, इंजेक्शन घेतल्यासारखं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सात जणांनी नाव काढून घेतलं. एकाने लिहिलं, "फसवलंत. मी त्या माणसावर मुलीला गोष्टी रचून सांगत होतो." वाईट वाटलं. त्याचं खरं आहे.

नर्सचंही उत्तर आलंय. "आळस असेल, मान्य. पण दीडशेहून जास्त वेळा तुमचा हात त्यांच्यावरून फिरला की नाही? आमच्या वॉर्डात लोक आपल्या माणसावरून एकदाही हात फिरवायला येत नाहीत."

ही ओळ हिला वाचून दाखवताना मधेच थांबावं लागलं. तिने पाणी आणून दिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्टेशनमास्तरांचं एका ओळीचं पत्र — "मग तुम्ही गेलात का?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर दिलेलं नाही. दिवसभर पेन्सिलींना टोकं काढत बसलो. सगळ्या झाल्या.

गेलो आणि ते पुन्हा "नीघ" म्हणाले तर? वर्गणीदारांनी घातलेलं कोडं सोडवायला आलोय, असं तर नाही ना वाटणार? की तसंच आहे ते? मी नक्की कशाला चाललोय — त्यांना भेटायला, की पुढचा भाग शोधायला? सकाळी डोळे मिटून हेच विचारलं. देव असल्या वेळी फार बोलत नाही. पण उठताना इतकं कळलं की मला त्यांची उंची बघायचीय.

हिला म्हटलं, जाऊ का? "मला काय विचारता? त्या दोनशे जणांना विचारा की!" आणि लगेच म्हणाली, "स्वेटर पिशवीत वरच ठेवलाय. आणि तिकडे जाऊन वाद घालू नका."

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्या पहाटेची गाडी. अण्णांना फोन केलेला नाही. केला असता तर "कशाला?" म्हणाले असते.

पथ्याचा कागद घडी करून वहीत घेतलाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. गाव

रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. वळणावरूनच दिसले. घरासमोर, बाकाच्या मधोमध, डावी चप्पल काढलेली. मांडीवर पिशवी नव्हती, एवढाच फरक. समोर जाऊन उभा राहिलो. एक वाक्य आठवलं तर शपथ.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग छातीकडे. मग पायाने चप्पल ओढून घेतली आणि उजवीकडे सरकले. पूर्ण एका माणसाइतके.