सुधाकरभाऊंच्या मशीनची नवी मोटर

ऊर्जानगर, रविवार संध्याकाळ

शेजारच्या सुधाकरभाऊंच्या सागवान कोरायच्या मशीनला आज कारखान्यातली जुनी सर्व्हो मोटर बसवून दिली. चालली छान. मग मला चैन का नाही?

त्यांचा तो हात. मशीन चालू असतानाच भुसा हातानं झाडायची सवय. आधीची छोटी मोटर हात मध्ये सापडला की जागीच अडायची. ही अडणार नाही. मोटर चालवणाऱ्या डब्यात, ड्राइव्हमध्ये, तिचा जोर कमी करून ठेवायला हवा होता. तेवढंच राहिलं. पुन्हा तो हातच दिसतो.

फोन लावला. मागे मशीनचा आवाज.

"भाऊ, मशीन बंद करा."

"काऊन? मस्त चालून राह्यली."

"हात कुठी आहे तुमचा?"

"फोन धरला ना."

"दुसरा?"

पलीकडे बटण खट्टकन वाजलं. मग मशीनचा आवाज थांबला.