सगळ्यांच्या कपाळी तुमचा भाऊ

वन्सं यांस,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा अर्धाच पोचला असं समजा). गुडघा कसा आहे? नवी कवळी तोंडात बसली, की अजून रुमालातच राहते? मी बरी आहे. उपवासकाळ चालू आहे. फादर म्हणाले, तुम्ही आधीच चिमणीएवढं खाता, तेव्हा हे चाळीस दिवस जेवण नका सोडू, लोकांना चिडवणं सोडा. म्हणून वर कवळीचं लिहिलंय ते चिडवणं नाही, चौकशी आहे.

तर झालं असं. राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये मागल्या वर्षीच्या सुक्या झावळ्या गोळा करतात आणि त्याच जाळून कपाळाला लावायची राख करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. ह्यांच्या फोटोमागे झावळीचे दोन क्रूस खोचलेले होते. एक चर्चमध्ये वाटलेला. दुसरा ह्यांनी गेल्या झावळ्यांच्या रविवारी बसून विणलेला (चांगल्या पातीचा तुम्हाला धाडला, उरल्यासुरल्याचा मला, बहीण ती बहीण). त्यानंतर सात महिन्यांत हे गेलेच. मी फोटो पुसताना चर्चचा म्हणून एक क्रूस ओढून काढला, चष्मा डोक्यावर ठेवून, आणि घंटा वाजवणाऱ्याच्या टोपलीत टाकून आले.

बुधवारी राख लावून घेतली, घरी येऊन तोंड धुतलं आणि सहज फोटोमागे हात घातला. हाताला लागला तो चर्चचा.

म्हणजे टोपलीत जाऊन राख झाला तो ह्यांनी विणलेला. मग, वन्सं, मला हसू आलं. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस, चर्चला कधी वेळेवर आला नाही, आणि आज सगळ्यांच्या आधी जाऊन सगळ्यांच्या कपाळावर बसला होता. ज्या खाटकाशी एका मागे पडणाऱ्या घड्याळावरून नऊ वर्षं अबोला, त्याच्यासुद्धा. हे त्याला सांगून जरा जिरवावी म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात गेले (उपवास मोडला, कबूल). त्याचं कपाळ अजून काळंच होतं. ऐकून घेतलं, हात पुसले नि म्हणाला, “वहिनी, मग आजही राहू दे.”

मी माझं साबण लावून धुतलं होतं.

बाकी ठीक. भाचेसुनेला आशीर्वाद. औषध वेळेवर घ्या.

तुमची वात्रट भावजय

ता.क. तुमचा क्रूस आहे ना? मागत नाही. (मागतेच आहे.) पोस्टानं धाडू नका, मोडेल. घेऊन या.

आणखी ता.क. तुम्हीही टोपलीत टाकला असेल, तर तसं कळवू नका. नुसत्या या. झावळ्यांच्या रविवाराच्या आदल्या दिवशी ओल्या पाती येतात, दोन मागून ठेवल्यात. विणायला ह्यांना तुम्हीच शिकवलं, असं हे सांगायचे. तुम्ही विणा, मी गप्प बसून बघेन. घडी दाबताना हे अंगठा कसा धरायचे, ते मला आठवेना झालंय.