पास्टर लाइल डॉट कॉम

२ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी.
पास्टर लोकांच्या शिबिराहून परतलो. तीन दिवस इंडियानापोलिस. डोळे उघडले. शेवटच्या व्याख्यानात एका गृहस्थांनी सांगितलं, की चर्चची वेबसाइट ती चर्चची. प्रत्येक ख्रिस्ती पुढाऱ्याची स्वतःच्या नावाची वेगळी वेबसाइट हवीच. उपदेश रविवारी दुपारी संपतो, वेबसाइट चोवीस तास उभी असते. मी हे वहीत दोनदा लिहून घेतलं. शेजारचे पास्टर घोरत होते. अशांमुळेच सुवार्ता मागे पडते.

कॉटनवुड क्रीकच्या या बॅप्टिस्ट चर्चमध्ये मला अकरा वर्षं झाली. रविवारची हजेरी त्रेसष्ट. डीकनांचा, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांचा, प्रमुख व्हर्नन याचा मेहुणा आला तर चौसष्ट. माझ्या उपदेशाची ताकद हजारभर लोकांची आहे. हे अभिमानाने नाही, निव्वळ नोंद म्हणून लिहितो.

संकल्प : महिनाभरात वेबसाइट. रोज एक लेख. डोनट बंद.

मंगळवार म्हणजे वृद्धाश्रमात ओपल आजींना भेटायचा वार. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, वाट बघतात. पण प्रवासाने अंग आंबलं होतं. उद्या नक्की.

४ सप्टेंबर, गुरुवार
वेबसाइटसाठी फोटो. हाताची घडी, नजर दूरवर. नदीनला (बायको) म्हटलं, असा काढ की मी भविष्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. ती म्हणाली, अरे, पण तू कॉफीच्या पिंपाकडे बघतोयस. एकूण बेचाळीस फोटो. सगळ्यात चांगल्या फोटोत माझ्या डोक्यावर चर्चच्या दाराची लाल 'एक्झिट' पाटी आली आहे. नदीनने दाखवून दिलं. म्हटलं, लोक चेहरा बघतात, पाट्या नाही.

एक डोनट. फोटोसाठी चेहरा भरलेला हवा होता.

८ सप्टेंबर, सोमवार
'माझ्याविषयी' हे पान लिहायला बसलो. शिबिरात नमुना मिळाला होता, त्यात फक्त आपलं नाव घालायचं. 'पास्टर लाइल ट्रम्बॉअर हे एक नम्र सेवक, दूरदर्शी नेते आणि लोकप्रिय वक्ते आहेत.' नदीनला वाचून दाखवलं. तिने विचारलं, यांना मी कधी भेटलेय का? तिला या गोष्टी कळत नाहीत. पियानो वाजवते, त्यातच रमते. चर्चमध्येही प्रत्येक गीताची सगळी कडवी वाजवते, माझ्या उपदेशाची दहा मिनिटं खाते. यापुढे दोनच कडवी, असं सांगून टाकलं.

नमुन्याच्या शेवटी एक सुंदर वाक्य आहे : 'प्रभू नेईल तिकडे जायला पास्टर लाइल तयार आहेत.' तसंच ठेवलं. बायबलमधला अब्राहामही असाच, कुठे ते न विचारता, निघाला होता.

१० सप्टेंबर, बुधवार
वेबसाइट सुरू! चर्चची सेक्रेटरी अर्लीन पिकार्ड हिने बाहेरच्या फळ्यावर पत्ता लावला. अक्षरांच्या डब्यात डब्ल्यू दोनच निघाले, तिसऱ्याच्या जागी एम उलटा लावलाय. रस्त्यावरून कळत नाही.

पहिल्या दिवसाची भेट देणाऱ्यांची संख्या अकरा. त्यात नऊ वेळा मीच. पण सुरुवात मोहरीच्या दाण्यासारखीच असते. पहिला लेख : 'नम्रतेच्या सात पायऱ्या'. आज पहिली पायरी झाली. माझे आठ फोटो जोडले.

१६ सप्टेंबर, मंगळवार
आश्चर्य! वेबसाइटच्या हिशेबात कोण आलं ते कळत नाही, पण कधी आलं आणि किती वेळ थांबलं ते कळतं. गेला आठवडाभर रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एकजण येतो. वीस मिनिटं थांबतो. वीस! माझा उपदेश व्हर्ननही एवढा वेळ जागा राहून ऐकत नाही. हा कोणी मोठा माणूस आहे. इतक्या सकाळी शिस्तीत काम सुरू करणारा. बहुधा एखाद्या मोठ्या चर्चच्या पास्टर-शोध समितीचा अध्यक्ष. इंडियानापोलिसला त्या व्याख्यानानंतर मी प्रश्न विचारायला उभा राहिलो होतो, तेव्हा पुष्कळांनी वळून पाहिलं होतं.

अर्लीन म्हणाली, महिला मंडळाने ओपल आजींना टॅब्लेट भेट दिला, तुम्ही येत का नाही म्हणून विचारत होत्या. म्हटलं, उत्तम, आता त्यांना माझे लेख वाचता येतील. एका अर्थी मी त्यांना रोजच भेटतो.

नम्रतेची दुसरी पायरी अडली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
संख्या त्रेसष्ट! आमच्या हजेरीएवढीच. हा योगायोग नाही, ही खूण आहे.

उपासनेनंतर लोक फार प्रेमाने वागले. एल्क्हॉर्नच्या शेतावरच्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. आजचा उपदेश 'धीर' यावर होता, तो लागलेला दिसतो. व्हर्नन स्टोल्ट्झ डुकरं पाळतो, एरवी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. आज जवळ येऊन म्हणाला, पास्टर, खोकी लागतील का? माझ्याकडे मजबूत आहेत, खाद्याची. म्हटलं, कशाला? म्हणाला, नाही, लागतात माणसाला. बहुधा माझे जुने उपदेश जपून ठेवायचा विचार असेल. सहा खोकी आणून दारात ठेवली. वास येतो.

२९ सप्टेंबर, सोमवार
डीकन लोकांची बैठक झाली. मला बोलावलं नाही. प्रथम राग आला. मग लक्षात आलं : ऑक्टोबर हा पास्टरांचे आभार मानायचा महिना. गुपचूप काहीतरी शिजतंय! गेल्या वर्षी एक हॅम आणि टोपी दिली होती. यंदा मोठं काहीतरी दिसतंय.

खात्रीच पटली, कारण आज दोन डीकन चर्चने आम्हाला राहायला दिलेल्या घरात टेप घेऊन आले. गालिचा मोजला, खिडक्या मोजल्या, मागच्या खोलीत पाळणा कुठे बसेल यावर वाद घातला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. अकरा वर्षं नवा गालिचा मागतोय. पाळण्याचं मात्र कळलं नाही. नदीन एकावन्न वर्षांची आहे.

नदीन म्हणाली, लाइल, त्यांना विचार ना एकदा. म्हटलं, गुपित फोडायचं नसतं.

ओपल आजी : या आठवड्यात नक्की.

५ ऑक्टोबर, रविवार
ते आले!!

शेवटच्या बाकावर चार अनोळखी माणसं. दोन पुरुष, दोन बायका, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, एकीच्या मांडीवर वही. बॅप्टिस्ट माणसाला हे सांगावं लागत नाही. चार परके लोक एकत्र येतात, सगळ्यात मागे बसतात आणि गाणी न चुकता गातात, तेव्हा ती दुसऱ्या चर्चची शोध समिती असते. माणूस पळवायला आलेली असते. गाडी इंडियानापोलिसची. गाडीवर 'ग्रेस पार्कवे' असं लिहिलं होतं. म्हणजे अडीच हजार लोक! स्वतःचं जिम असलेलं चर्च!

मी ठरलेला उपदेश बाजूला ठेवला आणि 'दूरदर्शी नेतृत्व' यावर पन्नास मिनिटं बोललो. नेमकी आज नदीनने सगळी कडवी वाजवली. मी खुणा करत होतो, तिचं लक्ष नव्हतं. पाहुणे मात्र सभ्य. माझ्याकडे रोखून बघायला त्यांना संकोच वाटत असावा, पूर्णवेळ नजर पियानोकडे ठेवली. वहीवाल्या बाई माझ्या उपदेशात काही लिहीत नव्हत्या. भारावल्या असतील.

नंतर दाराशी ते नदीनशी बोलताना दिसले. बरोबर पद्धत. आधी पास्टरच्या बायकोचा अंदाज घेतात. घरी आल्यावर नदीन म्हणाली, लाइल, मला तुला काही सांगायचंय. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, सांगू नकोस, मला सगळं कळलंय. ती म्हणाली, कळलंय? आणि तुला चालेल? म्हटलं, चालेल? मी याचसाठी प्रार्थना करतोय! ते जे विचारतील त्याला हो म्हण. ती म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. तिने माझा मुका घेतला. म्हणाली, तू इतका मोठ्या मनाचा असशील असं वाटलं नव्हतं. मंगळवारी चौदा तारखेला फोन येणार आहे म्हणे.

तीन डोनट. आनंदाचे.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपारी.
उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण. प्रत्येकाने घरून भांडं आणलं होतं. ट्यूना माशाचे भाजलेले कॅसरोल सात. मधोमध केक, त्यावर निळ्या क्रीमने लिहिलेलं : 'प्रभू नेईल तिकडे!' बाजूला माझा तोच फोटो, एक्झिटच्या पाटीसकट.

मग उलगडा झाला. त्रेसष्ट जणांनी वेबसाइट वाचली होती. व्हर्नन म्हणाला, पास्टर, ते वाक्य आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आधीच्या तिघांनी जायच्या आधी हेच लिहून दिलं होतं. आम्ही विचारून तुम्हाला अडचणीत टाकलं नाही, आपणच नवा पास्टर शोधला. ओहायोचा आहे, बायकोला सातवा महिना आहे, एक नोव्हेंबरला येईल.

व्हर्नन खाली बघत पुढे म्हणाला, जाताय ना पण खरंच? नसाल जाणार तर सांगा. ओहायोला मी फोन करतो, केक फ्रीझरमध्ये ठेवू, कोणी काही बोलणार नाही. अकरा वर्षं काय थोडी झाली? आम्हाला तुमची सवय आहे.

एवढं बोलताना मी त्याला आजवर कधी ऐकलं नव्हतं. 'राहतो' म्हणणार होतो. पण डोळ्यांसमोर ते जिम आलं. अडीच हजार माणसं आली. मी खुर्चीवर चढलो आणि म्हणालो, होय, मी जातोय, मला प्रभूच्या मोठ्या शेताचं बोलावणं आलंय. वीस मिनिटं बोललो. एल्क्हॉर्नच्या बाई पुन्हा रडल्या. मीही रडलो. नदीन कोपऱ्यातून बघत होती, डोळे मोठे करून. गाडीत म्हणाली, अरे, तू नोकरी सोडशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, मी आठवड्यातून दोनदा जाऊन येऊन करीन.

तिचं हे बोलणं मला नीट उमगलं नाही. सोडून दिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.४०.
टाय लावून फोनपाशी बसलो आहे.

सकाळी १०.२०.
फोन आला. मीच उचलला. गोड आवाजाच्या बाई. म्हणाल्या, मिसेस ट्रम्बॉअर आहेत का? त्यांच्या चर्चला पियानो आणि गायनवृंद सांभाळायला माणूस हवंय, ईस्टरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहून ते नदीनला ऐकायला आले होते. म्हटलं, आणि दूरदर्शी नेतृत्वाचं काय? त्या म्हणाल्या, सॉरी? मग म्हणाल्या, तुम्ही त्यांचे पती ना, त्या दिवशी मध्ये बराच वेळ बोललात ते?

नदीनला फोन दिला.

सकाळी ११.
नदीनने 'हो' सांगितलं. मीच सांगितलं होतं तसं सांगायला. तिकडे घर देणार आहेत. तिने विचारलं, माझ्या नवऱ्यालाही काही काम मिळेल का? गाड्या लावायला रविवारी माणसं कमी पडतात म्हणाल्या. फ्लोरोसंट जॅकेट ते देतात.

दुपारी २.
व्हर्ननला फोन करून विचारलं, ओहायोचं अगदी पक्कं आहे का. म्हणाला, काल पाळणा विकत आणला.

१५ ऑक्टोबर, बुधवार
कोणाशी बोललो नाही. फक्त वेबसाइट बघितली. सकाळी सात दहा. एकजण. वीस मिनिटं. म्हणजे ती समिती नव्हती. मग हा कोण? या घडीला जगात माझ्यावर विश्वास असलेला तो एकच माणूस आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
निरोप घ्यायला वृद्धाश्रमात गेलो. आठ आठवड्यांनी. ओपल आजी खिडकीपाशी, मांडीवर टॅब्लेट. त्यावर माझा फोटो. म्हणाल्या, ये, ये, पास्टर, किती वाळलास. (वाळलेलो नाही.) विचारलं, आजी, हे बघता तुम्ही? म्हणाल्या, रोज. नाश्ता झाला की सात दहाला उघडते, सगळं वाचते, अक्षर बारीक आहे रे, वीस मिनिटं जातात.

म्हटलं, लेख आवडले? म्हणाल्या, लेख कुठले, नम्रतेच्या एकाच पायरीवर बसून आहेस तू. मी शोधत होते तू माझ्याकडे कधी येणार ते. बाकी सगळं लिहिलंयस, तेवढंच कुठे सापडत नाही.

लाज वाटली. अशी लाज अकरा वर्षांत वाटली नव्हती. खूप वेळ बसलो, त्यांचं पुडिंग अर्धं खाल्लं.

घरी येऊन नदीनला सांगितलं. ती म्हणाली, इंडियानापोलिसहून दीड तास तर आहे, मंगळवारी माझी तालीम नसते, गाडी घेऊन जात जा. 'माझ्याविषयी'मधलं सगळं पुसलं. आठही फोटो काढले. मोठ्या अक्षरांत एकच ओळ घातली : 'मंगळवारी दुपारी तीन वाजता, ओपल आजींकडे.'

२२ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी सात वाजून दहा मिनिटं. भेट देणारे : एक.

एकच मिनिट थांबल्या.